एका आजाराची अनेक नावं

(अकादमीच्या वार्षिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज पहाटे हुबळीहून निघाले. धारवाड, अळणावर, रामनगर मागं टाकत अनमोडचा घाट उतरले, तेव्हा मनात एकच विचार होता. मराठी अकादमीच्या व्यासपीठावर मेडिकल कॉलेजच्या ग्रंथपालाचं काय काम? मी कविता लिहीत नाही, समीक्षा लिहीत नाही आणि डॉक्टरही नाही. माझी नोकरीची सगळी वर्षं हुबळी-धारवाड या जुळ्या शहरांत, डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना एकच गोष्ट शिकवण्यात गेली: जगात कुणीतरी आधी लिहून ठेवलेलं आपल्याला हवं तेव्हा कसं सापडेल. पण घाट संपेपर्यंत माझ्या ध्यानात आलं की मी आयुष्यभर शब्दांचंच काम केलं. म्हणून आज त्याच कामाबद्दल बोलते.

आधी आमच्या गावाबद्दल दोन शब्द. १ नोव्हेंबर १९५६ला धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि पुढच्याच वर्षी, १९५७ साली, हुबळीत सरकारी मेडिकल कॉलेज निघालं. २००३मध्ये धारवाडजवळ सत्तूरला एसडीएमचं कॉलेज आलं. राज्याची सीमा बदलली तरी माणसं होती तिथंच राहिली. त्यामुळे आमच्याकडच्या वॉर्डात एका खाटेवर कन्नड, शेजारच्या खाटेवर मराठी आणि पलीकडे उर्दू ऐकू येते. डॉक्टर मात्र केसपेपर इंग्रजीत लिहितो. या चार भाषांच्या मध्ये काय काय सांडतं, ते मी पाहिलं आहे.

एक प्रसंग सांगते. हल्याळकडचा एक मराठी शेतकरी दवाखान्यात आणला होता. घाम सुटलेला, तोंडाला लाळ, नजर अंधुक. बायको सांगत होती, "औषधानं चक्कर आली." ड्यूटीवरचा इंटर्न बंगळूरकडचा, कामापुरती मराठी शिकलेला, हुशार मुलगा. त्यानं कागदावर लिहिलं: औषधाची रिॲक्शन. मग तो विचारू लागला, गोळी कुठली, कुणी दिली, कधी घेतली. बाई गोंधळली. तेवढ्यात तिथल्या सिस्टर पुढं आल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "अगं, कुठलं औषध? घ्यायचं की मारायचं?" बाई म्हणाली, "मारायचं. कपाशीवर."

पुढं सगळं नीट झालं, कारण सिस्टर तिथं होत्या. आपल्या खेड्यांत कीटकनाशकाला औषध म्हणतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. कन्नड शेतकरीही तेच म्हणतो. रोग बरा करणाऱ्या आणि जीव घेऊ शकणाऱ्या वस्तूला एकच शब्द आहे, आणि अर्थ फक्त क्रियापदावरून कळतो. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा वर्तमानपत्रांत "विषबाधा" छापून येत होतं. त्यांच्या घरचे लोक मात्र औषधच म्हणत असणार.

हाच मुलगा दोन-तीन वर्षांनी पदव्युत्तर शिक्षणासाठी पुन्हा आमच्याकडे आला. प्रबंधाचा विषय त्यानं त्या रात्रीवरूनच निवडला होता. एके दिवशी दुपारी ग्रंथालयात येऊन म्हणाला, "मॅडम, या विषयावर कामाचं काहीच नाही." मी विचारलं, "शोधताना काय टाइप केलंस?" तो म्हणाला, "ओपी पॉयझनिंग."

आता ही आमच्या दवाखान्यांची बोली झाली. आमच्याकडे प्रत्येक डॉक्टर "ओपी" म्हणतो आणि प्रत्येकाला कळतं. पण संगणकाला "ओपी" म्हणजे बाह्यरुग्ण विभाग, शस्त्रक्रिया, की कुणाच्या नावाची आद्याक्षरं, हे कसं कळावं? त्याला हजारो लेख मिळाले आणि त्यांतला एकही कामाचा नव्हता. इंटर्न असताना रोग्याच्या बायकोचा शब्द त्याला कळला नव्हता. आता त्याचा शब्द जगाला कळत नव्हता. अडचण तीच होती, दिशा तेवढी उलटली होती.

मी त्याला संगणकापासून उठवलं आणि कोरा कागद दिला. म्हटलं, "या विषाला जगात कोण कोण काय काय म्हणत असेल, ते लिही." त्यानं लिहायला घेतलं. कुणी ऑर्गनोफॉस्फरस म्हणतो, कुणी ऑर्गनोफॉस्फेट. कुणी नुसतं कीटकनाशक म्हणतो. कुणी शरीरातल्या ज्या विकराला हे विष अडवतं त्यावरून नाव देतो: कोलिनएस्टरेज-रोधक. कुणी थेट रसायनाचं नाव घेतो: क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएट. त्यावरच्या उताऱ्यालाही अशीच नावं: प्रॅलिडॉक्झिम, टू-पाम, नुसतं पाम, आणि सगळ्या कुळाला मिळून ऑक्झिम. अर्ध्या तासात कागद भरला. तो म्हणाला, "मॅडम, हे तर डिक्शनरीचं काम झालं." मी म्हटलं, "शोध म्हणजे तेच रे."

ही अडचण आजची नाही. अमेरिकेत जॉन शॉ बिलिंग्ज नावाच्या लष्करी डॉक्टरांनी १८७९मध्ये "इंडेक्स मेडिकस" सुरू केला. जगातल्या वैद्यकीय नियतकालिकांत काय छापलं, याची ती विषयवार सूची. आमच्या ग्रंथालयात तिचे जाड खंड होते. दोन्ही हातांनी उचलावे लागत. मी नोकरीला लागले तेव्हा मुलं एकेका वर्षाचा खंड काढून बोटानं ओळी खाली खाली सरकवत शोधत असत. १९६०मध्ये त्याच संस्थेनं विषयशब्दांची एक प्रमाण यादी केली. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून "मेश" म्हणतात. लेखकानं हार्ट ॲटॅक लिहिलेलं असो की आणखी काही, सूचीकार तो लेख मायोकार्डियल इन्फार्क्शन या एकाच शब्दाखाली टाकणार. आज त्या यादीत तीस हजारांहून अधिक मुख्य शब्द आहेत. १९७१मध्ये सूची संगणकावर आली, १९९७मध्ये "पबमेड" या नावानं सगळ्यांना फुकट खुली झाली आणि २००४नंतर छापील खंड बंद झाले. आज तिथं साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत.

मुलांना ही यादी समजावताना मी आधी अमरकोशाची आठवण देते. एका वस्तूची सगळी नावं एका जागी, आणि वस्तू विषयवार लावलेल्या. पण त्याहून जवळचा दाखला आयुर्वेदाच्या निघंटूंचा आहे. नरहरी पंडितांचा "राजनिघंटु" हा औषधी द्रव्यांच्या नावांचा कोश. वनस्पतींना नावं का पडतात याची त्यांनी सात कारणं सांगितली आहेत: कुठं रूढीनं, कुठं स्वभावावरून, कुठं देशभाषेतून, कुठं अंगावरच्या खुणेवरून, कुठं उपमेनं, कुठं गुणशक्तीवरून, अशी. आणि आम्हा सीमेवरच्या माणसांना सुखावणारी गोष्ट अशी की संस्कृत नावांचा खुलासा आपण दोन भाषांतून केला आहे असं ते सांगतात, आणि त्या दोन भाषा म्हणजे कन्नड आणि मराठी. औषध नेमकं ओळखायचं तर लोकांच्या तोंडचं नाव कोशात हवं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

यादी झाली की पुढची पायरी येते शब्द जोडण्याची. इथं भाषेची एक गंमत आहे आणि जवळजवळ प्रत्येक मूल तिथं अडखळतं. आपण बोलताना "आणि" म्हटलं की वस्तू वाढतात. आई आणि बाबा आले म्हणजे दोन माणसं आली. "किंवा" म्हटलं की कमी होतात: आई किंवा बाबा येतील म्हणजे एकच. शोधयंत्रात हे अगदी उलटं आहे. "आणि" म्हटलं की दोन्ही शब्द ज्यात आहेत तेवढेच लेख राहतात, म्हणजे आकडा घटतो. "किंवा" म्हटलं की यातला कुठलाही शब्द असलेले सगळे लेख येतात, म्हणजे आकडा वाढतो. म्हणून मी फळ्यावर लिहिते: एका वस्तूच्या नावांमध्ये "किंवा", दोन वेगळ्या वस्तूंमध्ये "आणि". विषाची सगळी नावं "किंवा"नं बांधून एक मोळी, उताऱ्याची सगळी नावं "किंवा"नं बांधून दुसरी मोळी, आणि दोन मोळ्यांमध्ये एक "आणि". एवढं ज्याला जमलं, त्याचं निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं बारीकसारीक आहे, पण तेही भाषेचंच. ब्रिटिश माणूस ॲनिमिया लिहिताना "ए" आणि "ई" अशी दोन अक्षरं घालतो, अमेरिकन नुसती "ई" घालतो. देवनागरीत हा फरक दिसतच नाही, म्हणून आपल्या मुलांच्या तो ध्यानातही येत नाही. गावांचंही तसंच. २०१४च्या १ नोव्हेंबरला सरकारनं आमच्या गावाचं इंग्रजी स्पेलिंग बदलून ते कन्नड उच्चाराप्रमाणे हुबळ्ळी केलं. आपल्या गावाचा मान राखला गेला, आनंद झाला. पण आमच्या भागात पूर्वी काय संशोधन झालं हे शोधणारा विद्यार्थी नवंच स्पेलिंग टाकत राहिला, तर त्याच्या आधीचं बरंचसं काम त्याला दिसतच नाही. आणि "किम्स" म्हटलं की आम्हाला हुबळीचं वाटतं, कराडच्या माणसाला कृष्णा, बंगळूरच्या माणसाला केंपेगौडा आणि भुवनेश्वरच्या माणसाला कलिंग.

तर तो मुलगा. दोन मोळ्या बांधून शोधल्यावर त्याच्यापुढं आता मोजके, कामाचे लेख आले. त्यातला एक पाहून तो उडालाच, कारण तो बारामतीचा होता. बारामतीच्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरांनी २००६मध्ये "लॅन्सेट"सारख्या नियतकालिकात छापलेला अभ्यास. विषबाधेचे २०० रोगी घेतले, सगळ्यांना उताऱ्याचा पहिला डोस सारखाच दिला. मग निम्म्यांना थोड्या थोड्या तासांनी इंजेक्शन आणि निम्म्यांना ४८ तास सलग मोठ्या मात्रेत सलाइनमधून. सलग दिलेल्यांत एक रोगी दगावला, दुसऱ्या गटात आठ. मुलगा म्हणाला, "मॅडम, उत्तर मिळालं. आपल्याकडचंच आहे."

मी म्हटलं, "अजून खाली जा."

खाली श्रीलंकेतला २००९चा अभ्यास होता. २३५ रोगी. निम्म्यांना प्रॅलिडॉक्झिम, निम्म्यांना नुसतं सलाइन. औषध मिळालेल्या १२१पैकी ३० दगावले, न मिळालेल्या ११४पैकी १८. हा फरक योगायोगानंही पडू शकेल एवढा होता, म्हणून औषधानं नुकसान झालं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण फायदा झाला असं तर अजिबात दिसत नव्हतं. मग २०११चा कोक्रेन आढावा सापडला. त्यानं सगळे अभ्यास एकत्र ठेवून सांगितलं होतं की हे औषध उपयोगी की अपायकारक, हे ठरवायला पुरावा अपुरा आहे.

मुलगा बराच वेळ गप्प बसला. मग त्यानं विचारलं, "मग खरं काय?" हा प्रश्न त्याच्या तोंडून यावा, यासाठीच मी त्याला खाली पाठवलं होतं. दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत. रोगी कुठल्या रसायनाचे होते, किती उशिरा आले, किती गंभीर होते, मात्रा किती होती, अतिदक्षतेची सोय कशी होती, हे दोन्ही ठिकाणी वेगळं. आता त्याला आकड्यांच्या मागचं वाचायचं होतं. ज्याला फक्त बारामती सापडली, तो एक उपचार करेल. ज्याला फक्त श्रीलंका सापडली, तो दुसरा करेल. दोघंही म्हणतील, "मी वाचून करतोय." रोग्याच्या वाट्याला काय येणार, हे डॉक्टरनं त्या दुपारी कुठला शब्द टाइप केला यावर ठरावं, ही भीतीदायक गोष्ट आहे. आपल्याला पटणारा लेख सापडला की थांबायचं नाही, ही सवय मी तंत्रापेक्षा मोलाची मानते.

अतिशयोक्ती वाटत असेल तर एक उघड नोंदलेली घटना सांगते. २००१ साली अमेरिकेत, बॉल्टिमोरच्या जगप्रसिद्ध जॉन्स हॉपकिन्स संस्थेत दम्याच्या एका संशोधनात निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम हे रसायन श्वासावाटे दिलं. २४ वर्षांची एक निरोगी तरुणी त्यात गेली. चौकशीत निघालं की संशोधकानं पबमेड पाहिलं होतं. पण त्या वेळी ती सूची मागं १९६६पर्यंतच जात होती. या रसायनानं फुप्फुसाला होणाऱ्या इजेचे लेख १९५०च्या दशकातले होते. म्हणजे ते ग्रंथालयाच्या कपाटात होते आणि पडद्यावर नव्हते. पुढं जुन्या छापील सूचींमधल्या नोंदीही संगणकावर आल्या. त्या घटनेनंतर मी प्रत्येक वर्गात विचारत आले: ही सूची कुठून सुरू होते? हिच्यात काय नाही?

"काय नाही" हा प्रश्न आपल्याला तर अधिकच लागू आहे. सर्पगंधेचं उदाहरण घ्या. आपल्याकडच्या वैद्यांना ती पिढ्यानपिढ्या ठाऊक. १९३१मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर उपयोगी पडते. जगात फारसं कुणी वाचलं नाही. १९४९मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी तीच गोष्ट आपल्या रोग्यांच्या अनुभवासह ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात मांडली. ती बोस्टनच्या डॉक्टरांनी वाचली, तिथं प्रयोग झाले आणि १९५२मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. दोन लेखांमध्ये अठरा वर्षं. मुळी तीच, गुणही तोच. पहिला लेख छापला गेला होता, पण ज्यांना हवा होता त्यांच्या वाटेवर तो पडला नव्हता. आजही या वनस्पतीचं इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हांनी लिहितात. वनस्पतिशास्त्राची तऱ्हा वेगळी, औषधशास्त्राची वेगळी. एकच टाकलं आणि शब्दशः शोधलं, तर दुसरी अर्धी दुनिया अंधारात राहते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते असं.

आता दिवस बदलले आहेत. १ जानेवारी २०२५पासून केंद्र सरकारच्या "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" योजनेत सरकारी उच्चशिक्षण संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली. पूर्वी आम्ही एकेका लेखाच्या झेरॉक्ससाठी बंगळूर-मुंबईच्या ग्रंथालयांना पत्रं पाठवायचो. आता दार उघडं आहे. पण तेरा हजार नियतकालिकांच्या दारात उभं राहून "ओपी" असं ओरडलं, तर पूर्वीचंच होणार.

आणि एक नवीच अडचण आली आहे. गेल्या काही दिवसांत मुलं बोलक्या संगणक-प्रोग्रामला विचारून संदर्भांच्या याद्या आणतात. एका मुलीनं मला अशी यादी दाखवली. टापटीप होती. लेखकांची नावं, वर्ष, खंड, पानं, सगळं जागच्या जागी. मी एकेक नोंद तपासत गेले. काही लेख होते. काहींचे लेखक खरे, पण लेख कुणी लिहिलेलाच नाही. ती रडवेली झाली. म्हणाली, "मॅडम, दिसायला तर खरे होते." मी तिला रागावले नाही. मी तिला सांगितलं की संदर्भ म्हणजे "हे मी स्वतः पाहिलं" अशी साक्ष असते. न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष कोर्टात देत नाहीत, तशी प्रबंधातही द्यायची नाही. यंत्राला नावं सुचवायला सांग, पर्यायी शब्द विचार, त्याला ते चांगलं जमतं. पण लेख स्वतः उघडून पाहिल्याशिवाय यादीत घालू नकोस.

आता मी माझ्या खऱ्या मुद्द्याकडे येते, आणि तो तुमच्यासाठी आहे.

मराठीत वैद्यकीय लेखन कमी नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात देशी भाषांतून वैद्यक शिकवण्याचे वर्ग चालले होते. नंतर आरोग्यविषयक मासिकं आली, दिवाळी अंकांतले डॉक्टरांचे लेख आले, गावागावांत काम करणाऱ्यांची अनुभवकथनं आली. भाषा संचालनालयानं परिभाषा कोश काढले. पण मला एखाद्या विद्यार्थ्यानं विचारलं, "मॅडम, फवारणीच्या विषबाधेवर मराठीत काय काय लिहिलं गेलंय?" तर मी त्याला कुठं पाठवू? मराठी लेखनाची साडेतीन कोटी नोंदींची सूची मी मागत नाही. पण सूचीच नसेल, तर लिहिलेलं आणि न लिहिलेलं यांत वाचणाऱ्याच्या दृष्टीनं फरक राहत नाही. सेन-बोस यांच्या लेखासारखं ते कुठंतरी छापलेलं असतं, एवढंच.

दुसरं असं की आपल्या कोशांत वरून खाली येणारे शब्द पुष्कळ आहेत आणि खालून वर जाणारे थोडे. अपस्मार आहे, पण त्या शब्दापुढं फेफरं, आकडी, मिरगी, फिट हे सगळं एका ओळीत आहे का? संस्कृतातली कामला, आमच्याकडच्या कन्नडातली कामाले आणि मराठीतली कावीळ एकमेकींशेजारी बसवल्या आहेत का? आणि "औषध" या नोंदीखाली "फवारण्याचं कीटकनाशक" हा अर्थ मुख्य अर्थाच्या बरोबरीनं, सहज दिसेल असा आहे का? राजनिघंटूनं जे झाडपाल्यासाठी केलं, ते आपण दुखण्यांसाठी करू शकतो. त्याला डॉक्टर लागेल, पण डॉक्टर एकटा पुरणार नाही. त्याला शिक्षक लागतील, लेखक लागतील, आणि आमच्या त्या सिस्टरसारखी माणसं लागतील, जिच्या कानाला दोन्ही भाषा ठाऊक आहेत.

म्हणून अकादमीपुढं दोन लहान विनंत्या ठेवते. पहिली: आपल्या वार्षिकाच्या आजवरच्या सगळ्या अंकांची विषयसूची करा, आणि पुढं प्रत्येक लेखाखाली लेखकाकडूनच पाच-सहा विषयशब्द मागा. त्यांत एक तरी शब्द बोलीतला असू द्या. हे काम एका विद्यार्थ्याचं, एका उन्हाळ्याचं आहे. दुसरी: गोवा, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, बिदर, जिथं मराठी दुसऱ्या भाषेला खेटून राहते, तिथल्या दुखण्यांचे शब्द गोळा करणारी एक वही सुरू करा. संगणकावर असो नाहीतर साध्या कागदावर. शब्द, गाव, कोण म्हणतं, कशाला म्हणतं. बस्स, एवढंच.

तुमच्यातले शिक्षक म्हणतील, हे मेडिकलच्या मुलांचं झालं, आमच्या बी.ए.च्या मुलांचं काय? फरक काही नाही. ज्याला लावणीवर लिहायचं आहे, त्यालाही आधी कोऱ्या कागदावर नावंच लिहायला लावा. ही गोष्ट आणखी कुणी कुठल्या नावानं सांगितली असेल, हा प्रश्न ज्याला पडतो, तो संशोधक व्हायला लागला असं समजा.

तो मुलगा आता डॉक्टर आहे, आमच्याच भागात आहे. प्रबंध पूर्ण झाल्यावर एक प्रत मला देऊन गेला. प्रबंध इंग्रजीत, नियमाप्रमाणे. पण मागं परिशिष्टात रोग्यांना विचारायच्या प्रश्नांचा तक्ता त्यानं कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत दिला आहे. मी मराठीचा तक्ता उघडला. पहिलाच प्रश्न वाचला आणि मला त्या सिस्टर आठवल्या. त्यानं लिहिलं होतं: "कुठलं औषध? घ्यायचं की मारायचं?"